अ‍ॅपमधले लाल ठिपके आणि मोठीची दीड ओळ

एका आईचं पत्र आलंय, ते थोडक्यात असं आहे (नाव-गाव आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय):

"मला दोन मुलं. मोठी मुलगी साडेदहा वर्षांची, धाकटा मुलगा २० महिन्यांचा. धाकटा ३५व्या आठवड्यातच झाला. तो रांगलाच नाही, बसल्या बसल्या सरकायचा, १५व्या महिन्यात चालायला लागला. आता २० महिने झाले तरी 'आई', 'बाबा' आणि कुत्रा दिसला की 'भू', एवढे तीनच शब्द. बाकी हाताला धरून नेतो, खिडकीतून पक्षी दिसला की बोट दाखवून आमच्याकडे बघतो, 'चप्पल आण' म्हटलं की आणतो, कधी कधी मात्र हाक मारून ढिम्म हलत नाही. सर्दी सारखी असते. मी एक अ‍ॅप घेतलंय, त्यात महिन्याप्रमाणे टप्पे आहेत, जमलं नाही की लाल ठिपका येतो. सध्या सात लाल ठिपके आहेत, रात्री झोप येत नाही. जाऊबाईंचा मुलगा याच्याच वयाचा, तो वाक्यं बोलतो. सासूबाई म्हणतात, याचा बाबाही तीन वर्षांचा होऊन बोलला, गप्प बस. नवरा म्हणतो, मुलगे उशिराच बोलतात. मोठीच्या वेळी सगळं कसं वेळेत झालं, माझ्याकडे तिची वहीच आहे, पहिला दात, पहिलं पाऊल, पहिला दात पडला ते सुद्धा. ती आता स्वतःचं स्वतः करते, तिचा काही प्रश्न नाही, फक्त हल्ली उद्धट झालीये, दार लावून बसते. परवा मला म्हणाली, 'मी पण बोलणं बंद केलं तर माझ्यासाठी अ‍ॅप घेशील का?' माझं काय चुकतंय?"

अगं, आधी एक सांगते, मी तुझ्यापेक्षा वयाने बरीच मोठी असणार म्हणून सरळ 'तू' म्हणतेय, चालवून घे.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना सहज ओळी मोजल्या, सवय आहे मला ती. मूळ पत्रात धाकट्याबद्दल ४१ ओळी आहेत आणि मोठीबद्दल, वहीचा भाग सोडला तर, दीड. त्या दीड ओळीकडे मी नंतर येणारे, पण येणारे नक्की. आधी धाकट्याचं, कारण तिथे एक काम खरंच या आठवड्यात करण्यासारखं आहे.

ते काम म्हणजे कानाची तपासणी. तू लिहिलंस की सर्दी सारखी असते आणि कधी हाक मारली तर ढिम्म हलत नाही. तू ते हट्टीपणात टाकलंस बहुतेक, मी नाही टाकणार. लहान मुलांना वरचेवर सर्दी झाली की कानाच्या पडद्यामागे पाणी साचून राहू शकतं, दुखत नाही, ताप नाही, बाहेरून काही दिसत नाही, पण ऐकू येतं ते कानात बोटं घालून ऐकल्यासारखं. आणि हे रोज सारखं नसतं, आज चांगलं ऐकतो, परवा नाही, त्यामुळे घरच्यांना वाटतं की याच्या मनात असलं की बरं ऐकू येतं! जन्मल्यावर कानाची तपासणी झाली होती आणि ती नीट होती असं तू सांगशील कदाचित. ती त्या दिवसापुरती होती, आजच्या कानाबद्दल ती काही सांगत नाही. एवढ्या लहान मुलाची तपासणी कशी करणार असंही वाटेल, तर ती करतात. बाळाला आईच्या मांडीवर बसवतात, बाजूने आवाज सोडतात, आवाजाकडे वळून बघितलं की तिथलं खेळणं उजळतं, म्हणजे त्याच्यासाठी तो खेळच असतो. पडद्यामागे पाणी आहे का ते बघायची वेगळी तपासणी असते, तिला एखादं मिनिट लागतं, फक्त तेवढं मिनिट हलू द्यायचं नाही, ते जमवणं मात्र तुझं कौशल्य.

आता ते अ‍ॅप. त्यात वय टाकताना तू जन्मतारीख टाकली असशील ना? पाच आठवडे लवकर झालेलं बाळ आहे तुझं. वेळेआधी जन्मलेल्या मुलांचं वय पहिली दोन वर्षं तरी मूळच्या अपेक्षित तारखेपासून मोजायचं असतं, म्हणजे तुझा मुलगा या हिशोबाने १९ महिन्यांचाही नाही अजून पुरता. सातातले दोन-तीन लाल ठिपके तर तिथेच जातील.

आणि ठिपके मुळात येतात कुठून ते पण बघ. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा पाच देशांतल्या धडधाकट मुलांचं निरीक्षण करून २००६ मध्ये आकडे दिले होते, त्यात एकट्याने चालण्याचं वय निघालं ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत. केवढं अंतर बघ, जवळजवळ साडेनऊ महिन्यांचं! आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२. आणि सगळ्यात गंमत रांगण्याची, त्यांतली चार टक्क्यांच्या आसपास मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत आणि तरी चालली. तुझा सरकणारा बाबू त्यांच्यातलाच. अशी सरकणारी मुलं चालायलाही जरा उशीरच करतात, म्हणजे त्याचा १५वा महिना अगदी ठीक आहे, मला तर लवकरच वाटतो.

अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२२ मध्ये त्यांची टप्प्यांची यादी बदलली आणि रांगणं त्यातून काढूनच टाकलं. दुसरा बदल जास्त महत्त्वाचा होता. आधीच्या यादीतलं वय म्हणजे साधारण निम्म्या मुलांना ती गोष्ट जमते ते वय. म्हणजे विचार कर, निम्म्या आया यादी बघून घाबरणार आणि डॉक्टर म्हणणार 'बघू अजून थोडं'. नव्या यादीत ७५ टक्के किंवा जास्त मुलांना जमतं ते वय घेतलंय, म्हणजे आता जमत नसेल तर 'बघू' म्हणायचं नाही, दाखवायचं. तुझं अ‍ॅप कुठली यादी वापरतं देवाला ठाऊक, पण अशा यादीचं काम तेवढंच आहे, डॉक्टरांकडे कधी जायचं ते सांगायचं. घरी मंगळवारी सकाळी बाळाशी काय करायचं ते तिला कळत नाही आणि तू नेमकं तेच तिला विचारत बसलीयेस.

तर या नव्या यादीप्रमाणे १८ महिन्यांना आई-बाबा सोडून तीन किंवा जास्त शब्दांचा प्रयत्न हवा. तुझ्याकडे 'भू' एकच आहे. वय दुरुस्त करूनही तो थोडा मागे आहे, हे मी गोड बोलून झाकणार नाही. पण बोटाबद्दल तू एका वाक्यात लिहून पुढे गेलीस, मी तिथेच थांबले. पक्षी दिसला की बोट दाखवतो आणि तुमच्याकडे बघतो. हवंय म्हणून बोट दाखवणं वेगळं आणि 'अगं ते बघ ना' म्हणून दाखवणं वेगळं, दुसऱ्यात त्याला वस्तू नकोच असते, तुझं बघणं हवं असतं. भाषा तिथूनच सुरू होते, शब्द मागाहून येतात. शिवाय चप्पल आणतो, म्हणजे निदान ऐकू येतं त्या दिवशी कळतंय त्याला. या दोन गोष्टी डॉक्टरांना आवर्जून सांग, 'तीनच शब्द' याच्याही आधी सांग.

आता सासूबाई. 'याचा बाबाही तीन वर्षांनी बोलला' हे त्या धीर द्यायला म्हणतात, मनापासून म्हणतात, पण गंमत अशी की घरात कुणी उशिरा बोललेलं असेल तर ते थांबायचं कारण होत नाही, उलट लवकर दाखवायचं कारण होतं, कारण बोलण्यातला उशीर घराण्यात येऊ शकतो. उशिरा बोलणारी बरीच मुलं पुढे आपली आपण बरोबरीला येतात हे खरंय. पण कोणती येतील आणि कोणती नाही हे आज तुझ्या मुलाकडे बघून ना सासूबाई सांगू शकतात ना मी. आणि घराघरांत गोष्टी सांगितल्या जातात त्या नीट झालेल्यांच्याच, ज्यांना पुढे शाळेत वाचताना-लिहिताना त्रास झाला त्यांची गोष्ट कोण बारशाला सांगत बसतं. सासूबाईंशी वाद घालू नकोस. 'डॉक्टरांनी कान बघून घ्या म्हटलंय' एवढं म्हण, कान म्हटलं की कुणाचा मान दुखावत नाही.

नवऱ्याचं 'मुलगे उशिरा बोलतात' हे पण अर्धं खरंय. सरासरी काढली तर मुली किंचित पुढे असतात, पण फरक थोडक्याचा असतो, एवढ्या उशिराला तो पुरत नाही. आणि जाऊबाईंचा मुलगा हा विषयच सोड, वडाची साल पिंपळाला. तो बोलतो म्हणून तुझा मागे नाही, आणि तो बोलत नसता तरी तुझ्या मुलाचे कान तपासायलाच लागले असते.

कान नीट निघाले तरी स्पीच थेरपिस्टला एकदा दाखवच. घाबरू नकोस, या वयात थेरपिस्ट मुलाला टेबलाशी बसवून अ आ इ घोकून घेत नाहीत, बहुतेक वेळ ते तुलाच शिकवतात की घरी कसं बोलायचं.

त्यातलं थोडं मी आत्ताच सांगते. पण त्याआधी एक अभ्यास सांगायचा मोह होतोय. २०१२ मध्ये संशोधकांनी १२ ते १९ महिन्यांची मुलं मोकळी खेळताना बघितली आणि मोजलं, तर तासाला सरासरी २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. तासाला! आठवतं का तुझा पडायचा तेव्हा घरात काय व्हायचं? तू 'उठ उठ शाब्बास' म्हणायचीस, टाळ्या वाजवायचीस, कुणी म्हणायचं का 'असं नाही, पाय असा टाक, परत टाकून दाखव'? बोलण्यात मात्र आपण तेच करतो. 'बॉल म्हण. म्हण ना. बॉऽऽल. बघ, त्या दिवशी म्हटलं होतंस ना, म्हण.' तूच मूळ पत्रात लिहिलंयस की दिवसभर मी त्याच्याकडून म्हणून घेते आणि तो तोंड फिरवतो. मी पण हे केलंय ग, माझ्या मुलीला पाहुण्यांसमोर 'काय म्हणतो आपण, काय म्हणतो' करून करून, ती सोफ्यामागे जाऊन बसायची. आता आठवलं की लाज वाटते.

तर परीक्षा बंद. त्याऐवजी तो जे करतोय त्याच्यावर तू बोल, त्याने काही म्हणावं अशी अट न घालता. तो बादलीत चमचा टाकतोय, तू म्हण 'टाकला. टप्प. अजून एक. टप्प.' छोटी वाक्यं, खरे शब्द, लाडाचे बोबडे नकोत. तो म्हणाला 'भू' तर 'कुत्रा म्हण' असं नको, 'हो, कुत्रा आला, मोठा कुत्रा' म्हण, म्हणजे त्याच्या शब्दाचा खरा शब्द करून, त्याला एखादा शब्द जोडून परत द्यायचा, तो उचलेल नाही तर नाही. आणि सगळ्यात अवघड म्हणजे थांबायचं. त्याला काही हवंय असं दिसलं की मनात दहापर्यंत आकडे मोज आणि तोंड बंद ठेवून फक्त त्याच्याकडे बघ. दहा आकडे किती लांब असतात ते तुला पहिल्याच दिवशी कळेल, आपल्याकडून पाचाच्या आधीच बोललं जातं.

इथे एक गोष्ट मला तुझ्या मूळ पत्रातून जाणवली, तू ती सहज लिहिलीस की 'मोठी त्याचं सगळं समजते, तो नुसता हूं म्हणाला की तिला कळतं पाणी हवंय की गाडी, ती लगेच आणून देते'. छान आहे ते, पण मग त्याला शब्दाची गरजच काय? घरात दुभाषी आहे त्याच्या. तिला रागवू नकोस हां यावरून, अजिबात नाही, तिला खेळात घे. दोन वस्तू हातात धरायच्या, 'पाणी की गाडी?' विचारायचं आणि दोघींनी मनातल्या मनात दहा मोजायचे, जी आधी बोलेल ती हरली. बोटाने दाखवलं तरी चालेल, द्यायचं लगेच, रडवायचं नाही.

दिवसभर मागे चालू असलेला टीव्ही बंद. कुणी बघत नसलं तरी बंद, कारण तो चालू असला की मोठी माणसं मुलांशी कमी बोलतात, ते आपल्याला कळत पण नाही. मोबाइलवर शब्द शिकवणारे व्हिडिओ लावून बोलायला येईल असं वाटत असेल तर तेही सोड. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे दोन वर्षांच्या आतल्या मुलाला बसल्या जागी स्क्रीन नकोच, त्यापुढे चार वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी असेल तर उत्तम. आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल चालतो, तिथे समोरून खरं उत्तर येतं. घरात दोन भाषा असतील तर एक बंद करा म्हणणारे पण भेटतील, नका करू. दोन भाषांमुळे उशीर होत नाही, फक्त शब्द मोजताना दोन्हींतले धरायचे.

ज्या आयांनी बाबांनी हे तान्ह्या बाळासाठी वाचायला घेतलंय त्यांना पटकन दोन-तीन गोष्टी. झोपवायचं पाठीवर, जागेपणी मात्र पोटावर, सुरुवातीला दोन-दोन मिनिटं करत दिवसभरात मिळून अर्धा तास, मान धरायला आणि पुढच्या सगळ्याला त्याचाच उपयोग होतो, बाळ कुरकुर करतं तर तुम्हीच जमिनीवर समोर आडवे व्हा. वॉकर घेऊ नका, कुणी भेट दिला तर माळ्यावर टाका. त्यात बसून बाळ चालायला शिकत नाही, चाकांवर ढकलायला शिकतं आणि जिन्यावरून खाली जातं, कॅनडात तर २००४ पासून विकायलाच बंदी आहे.

आणि कधी थांबायचं नाही ते. तीन महिने झाले तरी बाळ बघून हसत नाही, वर्षाचं झालं तरी बा-बा दा-दा नाही, बोट दाखवणं-टाटा करणं असं काही नाही, १६ महिन्यांना एकही शब्द नाही, दोन वर्षांना 'अजून दे' असे दोन शब्द स्वतःहून जोडत नाही. दीड वर्षाच्या आत एकच हात वापरतं आणि दुसरा नुसता बाजूला असतो, तर ते डावखुरं-उजवं कौतुक नाही, दाखवायचं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, कुठल्याही वयात, येत असलेलं जायला लागलं, बोलत होता ते बंद झालं, बघून हसायचा ते थांबलं, तर दुसऱ्या दिवशीची पण वाट बघू नका. उशिरा येणं आणि आलेलं जाणं यात फार फरक आहे.

तीन ते सहाचं फार लिहीत नाही, त्या वयाची पत्रं मला वेगळी येतात. एकच सांगते. चार वर्षांच्या आसपास मूल पहिल्यांदा नीट खोटं बोलतं, तोंडाला चॉकलेट लागलेलं असताना 'मी नाही खाल्लं' असलं नाही, खरं पटेल असं. आईबाप घाबरतात. पण त्याआधी त्याला हेच कळत नसतं की माझ्या डोक्यात आहे ते आईच्या डोक्यात नसू शकतं. १९८३ मध्ये विमर आणि पर्नर या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक साधा खेळ केला होता, गोष्टीतल्या मुलाने चॉकलेट एका कपाटात ठेवलं, तो बाहेर गेल्यावर आईने दुसऱ्या कपाटात हलवलं, आता तो परत आल्यावर कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं म्हणतात नव्या कपाटात, कारण चॉकलेट तिथेच आहे ना! चार-पाच वर्षांची म्हणतात जुन्या. ज्याला जुनं कपाट कळलं त्याला पटेल असं खोटं बोलता येतं, आणि दुसऱ्याच्या मनात काय चाललंय तेही त्याला जास्त कळायला लागतं. ही उडी कुठल्याच अ‍ॅपमध्ये हिरवा ठिपका म्हणून येत नाही.

आता मोठी.

'तिचा काही प्रश्न नाही' असं लिहून पुढच्या ओळीत तू तिचं ते वाक्य लिहिलंस, 'मी पण बोलणं बंद केलं तर माझ्यासाठी अ‍ॅप घेशील का?' तू याला उद्धटपणा म्हणतेस. मला हे तुझ्या अख्ख्या पत्रातलं सगळ्यात सरळ वाक्य वाटलं. साडेदहा वर्षांची मुलगी याहून स्पष्ट काय सांगणार?

तुझ्या वहीतली शेवटची नोंद पहिला दात पडल्याची आहे, म्हणजे सहाव्या वर्षाच्या आसपासची. त्यानंतर चार वर्षं झाली, वहीत काही नाही. का नाही? कारण त्यानंतर 'पहिलं' असं काही आपल्याला दिसत नाही. पहिलं पाऊल दिसतं, पहिल्यांदा मैत्रिणीने तोडून बोललं आणि तिने ते घरी न सांगता पोटात ठेवलं हे कुठे दिसतं. पहिल्यांदा तिने तुझ्याशी न भांडता स्वतःचं म्हणणं मांडलं, पहिल्यांदा एकटीने निर्णय घेतला आणि तो चुकला, हे सगळे टप्पेच आहेत ग, पण त्यांना तारखा नसतात आणि कुणी टाळ्या वाजवत नाही. 'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' म्हणतो आपण आणि पाळणा काढला की बघणंच थांबवतो.

शरीराचं आधी बघ. मुलींमध्ये वयात येण्याचे बदल ८ ते १३ या काळात केव्हाही सुरू होतात, मुलग्यांमध्ये ९ ते १४. मुलींत बहुतेक वेळा पहिली खूण छातीची असते, एका बाजूला आधी गाठीसारखं लागतं, दुखतं, आणि मुलगी घाबरून कुणालाच सांगत नाही, काही तर आजार झालाय समजून महिनाभर रात्री जागतात. पाळी साधारण त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी येते. म्हणजे तुझ्या मुलीचं सगळं कदाचित सुरू झालेलंही असेल आणि दार लावण्याचं कारण तेवढंच असेल, की तिला कपडे बदलताना आता कुणी यायला नकोय. यावर मोठं भाषण ठोकू नकोस. दोन वाक्यं, काम करता करता, 'तुझ्या वयात एका बाजूला दुखायला लागतं कधी कधी, मला पण झालं होतं, काही नसतं ते'. तिने 'शीः आई' म्हटलं तरी ऐकलंय तिने. (मुलीमध्ये ८ वर्षांच्या आत किंवा मुलग्यात ९ च्या आत हे सुरू झालं तर मात्र डॉक्टरांना दाखवायचं, हे बाकीच्या वाचकांसाठी.)

दार वाजवून जात जा. खरंच, एवढंच करून बघ आठवडाभर, वाजवायचं, 'ये' म्हणेपर्यंत थांबायचं. त्याच दहा आकड्यांचा खेळ आहे हा, मूल बदललं फक्त.

झोप बघ. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते. धाकटा रात्री उठतो, रडतो, ती शेजारच्या खोलीत असते आणि सकाळी शाळा. तिचं हल्लीचं अर्धं उद्धट बोलणं अपुऱ्या झोपेचं निघालं तर मला नवल वाटणार नाही. उरलेलं अर्धं त्या वयाचं. या वयात भावना धाडकन येतात, आणि त्यांना लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग पुरता तयार व्हायला विशी उलटून जाते, त्यामुळे पाचव्या मिनिटाला दार आपटणं आणि दहाव्याला मांडीवर डोकं ठेवणं हे दोन्ही खरं असतं. दार आपटलं त्याच क्षणी तिला शिकवायला जाऊ नकोस, दहाव्या मिनिटाची वाट बघ.

आणि तिच्यासाठी वेळ काढ, पण 'चल आपण बोलू या' अशी समोरासमोर बसून नको, या वयाच्या मुलांना ती चौकशी वाटते. शेजारी शेजारी काही करताना बोलतात ती, चालताना, कपड्यांच्या घड्या घालताना, दिवा बंद झाल्यावर अंधारात. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं, धाकटा बाबांकडे, आणि त्या वीस मिनिटांत धाकट्याचं नाव काढायचं नाही, 'तू त्याला कसं समजून घेतेस ग' हे कौतुक पण नको. ती त्याची ताई आहे हे तिला दिवसभर ऐकावं लागतं.

तू विचारलंस 'माझं काय चुकतंय'. मला विचारशील तर फार काही नाही, नजर एकाच बाजूला अडकलीये एवढंच, आणि ती त्या अ‍ॅपने अडकवलीये. कानाची तपासणी होईपर्यंत ते फोनवरून काढून टाक. डॉक्टरांना लागणारं सगळं एका कागदावर मावतं: किती शब्द, बोट दाखवतो, चप्पल आणतो, हाकेला कधी वळत नाही, सर्दी किती दिवसांनी, किती आठवड्यांचा जन्मला.

वही मात्र काढ. मोठीच्या हातात दे आणि दात पडल्याच्या पुढच्या पानापासून काय लिहायचं ते तिलाच ठरवू दे. मधली चार वर्षं तिला आठवत असतील, तुला आठवत नसलेल्या गोष्टी निघतील त्यात आणि एखादी वाचून तुला वाईट पण वाटेल. तिने 'मी नाही दाखवणार' म्हटलं तर नको बघूस.

कानाचं काय निघालं ते कळव. आणि पुढच्या पत्रातही मी ओळी मोजणारे.